अंगठा दिला नाही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवितेचा आणि कामगार कायद्याचा काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. आमच्या हिंगोलीकडे तो आहे. माणूस कविता लिहितो म्हणजे त्याला अर्जही लिहिता येणार, असा लोकांचा सरळ हिशेब असतो. त्यामुळे माझ्या ओट्यावर कविता ऐकायला येणाऱ्यांपेक्षा अर्ज लिहून घ्यायला येणारेच जास्त. रेशनकार्ड, सातबारा, विहिरीचे अनुदान आणि वरचेवर येणारा एक विषय : "भाऊ, कामावरून काढलं. काही मिळतं का?"

मी आधी एकच विचारतो, "कशावर सही केलीस का?" बहुतेक वेळा समोरचा मान खाली घालतो. मी त्याला रागावत नाही. कारण एकदा माझीही मान अशीच खाली गेली होती.

बीए होऊन मी १९९२ साली एका जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागलो. कापसाच्या गाड्यांची नोंद आणि मजुरांची हजेरी माझ्याकडे होती. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, पण आम्हा चार-पाच जणांना काम बारमाही होते. १९९६ च्या फेब्रुवारीत, ईद आठ दिवसांवर आलेली असताना, शेठनी आम्हाला आत बोलावले. धंदा बसला आहे, उद्यापासून येऊ नका, म्हणाले. टेबलावर टाइप केलेले कागद तयार होते : 'घरगुती अडचणीमुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. माझा कसलाही हिशेब बाकी नाही.' सही करा आणि चालू महिन्याचा पगार घेऊन जा. घरात मुलांचे कपडे यायचे होते, शेवयांचे सामान यायचे होते. मी सही केली.

माझ्यामागे काट्यावरचे चाचा उभे होते. त्यांची नोकरी अकरा वर्षांची. त्यांना वाचता येत नव्हते. मला म्हणाले, "बेटा, काय लिहिलंय ते वाचून दाखव." मी वाचून दाखवले. ते शेठना म्हणाले, "मालक, नोकरी मी सोडत नाही, तुम्ही काढताय. तसंच लिहा, मग अंगठा देतो." शेठ चिडले. चाचा पगार न घेताच घरी गेले.

तेव्हा हिंगोली तालुक्याचे ठिकाण होते. जिल्हा झाला १ मे १९९९ ला. चाचा गाडी बदलून परभणीला कामगार अधिकाऱ्याकडे गेले, पुन्हा गेले, जात राहिले. आठ महिन्यांनी समेट झाला. त्यांना एक महिन्याचा नोटीस पगार आणि अकरा वर्षांची भरपाई मिळाली. मी बीए, माझी चार वर्षे माझ्याच सहीने गेली. मोंढ्यात भेटले तेव्हा चहाचे पैसे चाचांनी दिले.

'सोडली' आणि 'काढले' ही दोन साधी क्रियापदे आहेत. पण कामगाराचा निम्मा कायदा या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातले कलम २५-एफ याच विषयाचे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा 'औद्योगिक संबंध संहिता, २०२०' ने घेतली. क्रमांक बदलला, गाभा तोच राहिला. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कपात म्हणून काढायचे असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची किंवा त्याऐवजी एक महिन्याचा पगार. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून. सहा महिन्यांवरचा तुकडाही एक वर्ष धरायचा. नव्या संहितेत आणखी एक भर आहे : कपात झालेल्याच्या खात्यात पंधरा दिवसांचे वेतन कौशल्य निधीतून पंचेचाळीस दिवसांत जमा व्हायचे आहे.

आकडे मांडून पाहू. समजा पगार १२,००० आणि नोकरी ६ वर्षे ७ महिने, म्हणजे हिशेबाला ७ वर्षे. पंधरा दिवसांचे ६,००० धरले, तर भरपाई ४२,००० आणि नोटीस पगार १२,०००. एकूण ५४,००० रुपये. स्वखुशीच्या राजीनाम्याला यातले काही मिळत नाही. म्हणजे ती एक सही ५४,००० रुपयांची असते. ग्रॅच्युइटीचे मात्र तसे नाही. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षे झाली असतील, तर ती राजीनामा दिला तरी मिळते. वरच्या उदाहरणात ती ४८,४६१ रुपये होते. 'सही केली, आता सगळंच गेलं' असे समजून ही रक्कम सोडणारे मी पाहिले आहेत.

आणि ज्या पगारापायी मी सही केली, तो तर माझ्या केलेल्या कामाचाच होता. आजच्या वेतन संहितेप्रमाणे माणसाला काढले किंवा त्याने राजीनामा दिला, तरी त्याचा शिल्लक पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो. सही त्याची अट होऊ शकत नाही.

राजीनामे कसे घेतले जातात, हे आपल्या विधिमंडळाला ठाऊक होते. खासगी शाळांतल्या नोकरांसाठी महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला. त्याच्या सातव्या कलमात राजीनाम्याची रीतच घालून दिली : दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्यांसाठी हा अडसर होता. काढून टाकल्यावर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायची सोयही त्यात आहे. याच वाटेने, औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात १२ ऑगस्ट २०१३ रोजी निकाल लागला. खंडपीठाने नोकरी परत देण्याचा निर्णय कायम ठेवला होता, पण मधल्या काळाचा पगार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पूर्ण द्यायला लावला. बेकायदा काढले असेल, तर मागच्या पगारासह परत घेणे हाच सर्वसाधारण नियम, असे न्यायालय म्हणाले.

जिनिंगमधल्या, हळदीच्या कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या माणसाला राजीनाम्याचे असे कवच नाही. दटावून घेतलेल्या राजीनाम्याला आव्हान देता येते, पण दटावले होते हे दाखवायची पाळी त्याच्यावरच येते. तशी सही झालीच असेल, तर दुसऱ्याच दिवशी मालकाला पत्र लिहा : 'ही सही माझ्या मर्जीची नाही, मी कामावर यायला तयार आहे.' स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढले, तर नोटीस पगार मिळत नाही. पण आरोप लेखी हवा, चौकशी हवी, आपले म्हणणे मांडायची संधी हवी.

पुराव्याचेही सांगतो. सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. त्यात साप्ताहिक आणि इतर पगारी सुट्ट्या धरतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितले. मात्र हे दिवस भरले, हे दाखवण्याची जबाबदारी कामगाराची, असे त्याच न्यायालयाने २००२ साली म्हटले. मस्टर मालकाच्या कपाटात असते, म्हणून आपल्या खिशात काहीतरी हवे : बँकेतली पगाराची नोंद, पीएफचे पासबुक, गेटपास, मोबाइलवर आलेला 'उद्या लवकर ये' असा निरोप.

दाद मागायला आधी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पंचेचाळीस दिवसांत समेट झाला नाही, तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. काढल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवे. 'पाहू, मालक पुन्हा बोलावतील' म्हणत ही दोन वर्षे निघून जातात.

मालकांनाही एक सांगणे आहे. धंदा बसतो, हे खोटे नाही. छोट्या मालकाला माणसे कमी करण्यापासून कायदा अडवत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की आधी सांगा आणि हिशेब देऊन निरोप द्या.

आता कोणी ओट्यावर आले, की मी त्यांना चाचांची गोष्ट सांगतो आणि एक वाक्य पाठ करून घेतो : "कागद घरी नेऊन वाचतो, उद्या आणतो." हे म्हणायला कायदा शिकावा लागत नाही. समोरच्याने तेवढाही वेळ दिला नाही, तर त्या कागदात काय असेल ते समजून घ्या.