एक पोते, तीन पोटे

(कृषी विज्ञान केंद्रातील पूरक व्यवसाय प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विभागाचा माणूस. माझा संबंध ज्वारी, हरभरा आणि चारापिके यांच्याशी. तेव्हा ससा, कोंबडी आणि मासा यांच्या पोटाविषयी बोलायला हा कसा उभा राहिला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. त्याला कारण माझा स्वतःचा एक तोटा आहे. तो आधी सांगतो.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी गावी घरामागे न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे पाळले होते. दोन माद्या एकाच आठवड्यात व्याल्या. पिले महिन्याची झाल्यावर आईपासून तोडली आणि नेमके त्याच वेळी सशांचे खाद्य संपले. शेजारच्या ब्रॉयलर शेडमधून मी अर्धे पोते खाद्य आणले. प्रथिने भरपूर, माल ताजा. एवढे सकस खाद्य असताना गवत कापत कशाला बसायचे, असा विचार करून चाराही बंद केला. पिलांनी ते खाद्य आवडीने खाल्ले. चौथ्या दिवशी पोटे फुगली, पातळ हगवण लागली, पिले कोपऱ्यात दात करकरत बसू लागली. चौदापैकी अकरा पिले आठवड्यात गेली. वडील एवढेच म्हणाले, "कोंबडीचं कोंबडीला घालायचं असतं, बाबा." घरात कृषी पदवीधर मी होतो.

हे आज सांगण्याचे कारण असे की, २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाल्यानंतर अनेकांकडे शेततळी झाली आहेत. तळ्यात मासे, काठावर कोंबड्या आणि शेडच्या टोकाला सशांचे चार पिंजरे अशी मांडणी आपल्यापैकी काहींनी केली आहे. मांडणी चांगली आहे. परंतु तिन्हींना एकाच पोत्यातून खाद्य घालण्याचा मोह होतो, आणि तोटा तेथे सुरू होतो. खाद्य चांगले की वाईट हे पोत्यावरून ठरत नाही. ते कोणत्या पोटात जाणार यावरून ठरते.

प्रथम ससा घेऊ. आपल्याला गाय माहीत आहे. गाय चारा खाते, तो पोटाच्या मोठ्या कोठीत कुजतो, तेथील सूक्ष्मजीव त्यातून प्रथिने व जीवनसत्त्वे तयार करतात आणि मग तो माल पुढे जठरात व लहान आतड्यात पचतो. म्हणजे गाईची कोठी पचनाच्या वाटेवर आधी येते. सशाचीही कोठी आहे, पण ती शेवटी आहे. लहान आतडे संपून मोठे आतडे सुरू होते तेथे एका बाजूने बंद अशी मोठी पिशवी असते. तिला सीकम म्हणतात, आपण आंधळे आतडे म्हणू. सशाच्या साऱ्या पचनमार्गात जेवढा माल मावतो, त्याचा सुमारे ४० टक्के भाग एकट्या या पिशवीत असतो. जठर त्या मानाने लहान, सुमारे १५ टक्के.

आता अडचण अशी की, कोठीत तयार झालेला सकस माल लहान आतड्याच्या पुढे आहे. तो मागे कसा जाणार? सशाने यावर तोडगा काढला आहे. तो हा माल मऊ, ओलसर, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि गुदद्वाराशी तोंड लावून लगेच गिळतो. १८८२ साली मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने ही गोष्ट प्रथम नीट वर्णन करून ठेवली. या मऊ लेंड्यांत प्रथिने व 'ब' गटातील जीवनसत्त्वे कडक लेंड्यांपेक्षा बरीच जास्त असतात. ससा त्या जाळीवर पडूच देत नाही, म्हणून तारेच्या पिंजऱ्यातही हा क्रम चालतो आणि आपल्या नजरेस पडत नाही. कोणी पाहिलेच तर "ससा घाण खातो" म्हणून त्याला हुसकावतो. तसे करू नये. हे त्याचे रवंथ आहे. विश्रांतीच्या वेळी पिंजऱ्याशी गडबड नसावी ती याचसाठी.

जाळीखाली दिसतात त्या कडक, गोल लेंड्या म्हणजे चाऱ्यातील जाड रेषा. सशाचे मोठे आतडे माल चाळते. बारीक कण व रस मागे आंधळ्या आतड्यात ढकलते आणि जाड रेषा झटपट बाहेर काढते. म्हणजे जाड रेषा सशाला फारशी पोसत नाही. ती त्याचे आतडे चालते ठेवते. ती कमी पडली की माल आतच तुंबतो. त्यात मक्यासारखे पिष्टमय खाद्य जास्त गेले, तर कोवळ्या पिलाला ते लहान आतड्यात पूर्ण पचत नाही. उरलेले आंधळ्या आतड्यात उतरते आणि तेथे घातक जिवाणू माजून विष तयार करतात. सशाला उलटीही होत नाही, त्यामुळे पोटात गेले ते गेले.

माझ्या पिलांच्या बाबतीत मी एकाच वेळी अनेक चुका केल्या. पिष्ट वाढवले, रेषा बंद केली आणि आईपासून तोडण्याच्या नाजूक वेळीच खाद्य बदलले. आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीवर प्रतिबंधक औषध बहुधा मिसळलेले असते. त्यांपैकी नॅरासिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे कोंबडीला ठरलेल्या मात्रेत चालतात, पण त्या मात्रेत सशाला विषारी ठरू शकतात. तसेच ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके सशाला तोंडाने कदापि देऊ नयेत. ती आंधळ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात आणि घातक जिवाणूंना रान मोकळे होते. औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे, आणि विचारताना "सशासाठी" हा शब्द अवश्य सांगावा.

सशाच्या गोळी खाद्यात तंतुमय भाग निदान १४ टक्के आणि प्रथिने १६ ते १७ टक्के असावीत. त्याबरोबर वाळलेले गवत रोज हवेच. लसूणघास चांगला, पण दव असलेला आणि ढिगात तापलेला नको. कापून काही तास सुकवून घालावा. नवे खाद्य सुरू करताना सात-आठ दिवस जुन्यात थोडे थोडे मिसळत जावे. सशाचे दात जन्मभर वाढतात, तेही चघळण्यानेच झिजतात.

कोंबडीचे सगळे उलट. तिला दात नाहीत, मोठी कोठी नाही. टिपलेला दाणा गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीत साठतो व भिजतो. तेथून ग्रंथियुक्त जठरात आम्ल मिसळते आणि मग पेषणीत दळण होते. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणारा पेटा म्हणजेच ही पेषणी. अठराव्या शतकात फ्रान्समधील रेओम्यूर या शास्त्रज्ञाने दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना धातूच्या नळ्या गिळायला देऊन पाहिले, तर पेषणीने त्या चेपून टाकल्या होत्या. इतके हे जाते मजबूत आहे, मात्र त्याला खडे लागतात. परसात हिंडणारी कोंबडी खडे स्वतः टिपते. बंद शेडमध्ये अख्खे धान्य देत असाल तर बारीक कच वेगळ्या भांड्यात ठेवावी. दळलेल्या खाद्यावर तिची फारशी गरज नाही.

कोंबडीलाही आंधळी आतडी आहेत, एक सोडून दोन. पण ती लहान आहेत व त्यांत फक्त बारीक, पातळ माल शिरतो. त्यामुळे चाऱ्यावर कोंबडी जगत नाही. थोडा लसूणघास दिल्यास अंड्याचा बलक पिवळाधमक होतो हे खरे, पण ते तोंडी लावणे समजावे. या आतड्यांतील विष्ठा अधूनमधून वेगळी पडते. ती चॉकलेटी, चिकट आणि दुर्गंधीयुक्त असते. पुष्कळ जण ती पाहून घाबरतात आणि औषध आणायला धावतात. पक्षी चपळ असून खात असेल तर तो रोग नव्हे. अन्नपिशवीचा एक उपयोग लक्षात ठेवावा. नवी पिल्ले आणल्यावर पहिल्या रात्री दहा-वीस पिल्लांच्या गळ्याशी बोट लावून पाहावे. पिशवी भरलेली व मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही मिळाले. कडक लागली तर पाणी कमी पडले. रिकामी असेल तर पिल्लांना खाद्य सापडलेले नाही.

आता तळ्याकडे येऊ. कटला, रोहू आणि मृगळ या आपल्या प्रमुख माशांना जठरच नाही. तोंडात दात नाहीत. घशात असलेल्या दातांनी ते खाद्य चिरडतात आणि ते सरळ लांबलचक, वेटोळे घातलेल्या आतड्यात जाते. आम्ल नाही, साठवण्याची जागा नाही. म्हणून सकाळी एकदम घमेलेभर खाद्य टाकून दिवसभराची सोय झाली, असे तेथे होत नाही. उरलेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातील प्राणवायू खाते. दिवसाचे खाद्य माशांच्या अंदाजी वजनाच्या २ ते ३ टक्के धरून दोन-तीन वेळा विभागून द्यावे. शेंगदाणा पेंड व भाताचा कोंडा सारख्या प्रमाणात मिसळून, छिद्रे पाडलेल्या गोणीत भरून, ती बांबूला बांधून पाण्यात सोडावी. मासा तोंड मारेल तेवढेच बाहेर येते. पेंड बुरशीची नसावी. पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा ऊन पडल्यावरच खाद्य घालावे. आभाळ भरून आले असेल त्या दिवशी हात आखडावा. माशाच्या अंगाचे तापमान पाण्याबरोबर उतरते, म्हणून थंडीतही खाद्य कमी करावे.

गवत्या मासा घशातील दातांनी गवत कापतो, पण पुष्कळसे न पचताच बाहेर टाकतो. ते इतर माशांच्या नैसर्गिक खाद्याला खत होते. त्याला कोवळे गवतच घालावे, जून नको. मरळ मात्र मांसाहारी, त्याला जठर आहे व आतडे आखूड आहे. रोहूच्या बोटुकल्यांबरोबर त्याला सोडले तर खाद्याचा खर्च वाचेल आणि बोटुकलीही संपतील.

प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्याविषयी एक सूचना. तेथे चिखल नसल्याने तळाशी चरणाऱ्या मृगळाला फारसे काही मिळत नाही. बीज सोडताना त्याचे प्रमाण कमी धरावे.

तेव्हा पोती वेगळी ठेवा आणि त्यांवर रंगाने खुणा करा, म्हणजे घरातील कोणीही खाद्य घातले तरी चुकणार नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात शिंपला असतो. ते सशाला गेले तर जादा चुना मूत्रावाटे पडतो आणि खडे धरण्याचा धोका असतो, हेही लक्षात असू द्या.

मागच्या टेबलावर तीन ताटांत सशाचे आंधळे आतडे, चिरलेली पेषणी आणि रोहूचे उलगडलेले आतडे मांडले आहे. पेषणीच्या आतील पिवळा कडक पापुद्रा बोटाने सोलून पाहा. रोहूचे आतडे त्याच माशाशेजारी धरून मोजा. हात धुण्यास पाणी व साबण बाहेर ठेवला आहे. प्रश्न तेथेच विचारावेत, मी थांबतो.