परक्या गाडीची चाके आणि मधली चकती



बियाणे, खते, फवारणी यांच्यावर आपण नेहमीच बोलतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. शेतातला माल बाजारात नेणारी तुमची जीप किंवा पिकअप, आणि तिला बसवलेली दुसऱ्या गाडीची चाके. तुम्ही म्हणाल, साहेब, तुमचं शिक्षण शेतकीचं, तुम्ही गाडीचं काय सांगणार? बरोबर आहे. मी मिस्त्री नव्हे. पण ह्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली, तिच्यापायी मला हे सगळं शिकावं लागलं. ती चूक आधी सांगतो.

२०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या सज्जातले एक बागायतदार, त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांच्याकडे जुनी जीप. तात्यांनी जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची चार रुंद चाके स्वस्तात आणली. भोकं पाच, जुळली देखील. पण चाक आतल्या बाजूने कमानपाट्याला घासायला लागलं. तेव्हा तात्यांनी काय केलं, तर प्रत्येक स्टडमध्ये दोन दोन जाड वॉशर घातले, चाक तेवढं बाहेर आलं, घासणं थांबलं. मी मिरचीच्या प्लॉटवर गेलो होतो. तात्यांनी मला ते कौतुकानं दाखवलं आणि विचारलं, "काय साहेब, जमलं ना?" मी वाकून बघितलं, चाक घासत नव्हतं. म्हटलं, "झकास."

पुढच्या आठवड्यात मिरचीची पोती भरून तात्या बाजाराला निघाले. शेजारी त्यांचा नातू. गावाबाहेरच्या उतारावर मागचं डावं चाक निघालं. ते गाडीच्या पुढे पळत गेलं, रस्ता ओलांडून एस.टी.च्या निवाऱ्याच्या भिंतीवर आदळलं. निवाऱ्यात त्या वेळी कोणी नव्हतं. जीप ड्रमवर घासत जाऊन थांबली. नातवाच्या हनुवटीला तीन टाके पडले, एवढ्यावर निभावलं. माझं "झकास" मात्र अजून माझ्या कानात आहे.

नंतर तालुक्याच्या गावी एका जुन्या लेथवाल्याकडे मी ते तुटलेले स्टड घेऊन गेलो. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "साहेब, चाकाचं ओझं कशावर असतं?" मी म्हणालो, स्टडवर. तो हसला. आपल्यापैकी बहुतेकांची समजूत हीच असते. चाक स्टडवर टांगलेलं नसतं, बंधूंनो. नट आवळला की चाकाची पाठ हबच्या तोंडाला घट्ट दाबली जाते. त्या दोन सपाट तोंडांतल्या घर्षणावर गाडीचं ओझं, ब्रेकचा धक्का, वळणाचा ताण, सगळं चालतं. स्टडचं काम फक्त दाबून धरायचं. ही पकड सैल पडली की चाक प्रत्येक फेऱ्याला केसभर हलतं, स्टड पुढे मागे वाकत राहतात, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसे तुटतात. पाचर ढिली झालेली कुऱ्हाड तुम्ही वापरली आहे. पहिल्या दहा घावांत काही कळत नाही, मग दांडा एकदम निसटतो.

आता तात्यांचे वॉशर बघा. चाकाची सगळी पाठ टेकायची, ती पाच ठिकाणी रुपयाएवढ्या जागेवर टेकली. वॉशर पत्र्याचे, मऊ. ते दबत गेले. दबले की नट सैल. शिवाय वॉशरच्या जाडीने स्टडचे तेवढे आटे खाल्ले, म्हणजे नटाला धरायला आटेच उरले नाहीत. पकड गेली, आटे गेले, मग चाक राहील कशावर?

तेव्हा वॉशरची थप्पी कधीही घालू नका. चाक बाहेर काढायचंच असेल तर त्यासाठी हबच्या तोंडाएवढी पूर्ण गोल, दोन्ही बाजू सपाट अशी चकती असते. बाजारात तिला स्पेसर म्हणतात. पण चकती घेण्याच्या आधी परकं चाक मुळात आपल्या गाडीचं होऊ शकतं का, ते तपासावं लागतं.

पहिलं म्हणजे भोकांचं वर्तुळ. स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ह्यालाच फिटर पीसीडी म्हणतात. चार किंवा सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, झालं. पाच स्टडांना समोर जोडीदार नसतो. तिथे शेजारच्या दोन स्टडांचं मध्य ते मध्य अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणा. शेजारचं अंतर ८२.१ मिलिमीटर आलं तर व्यास १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आलेलं माप हेच आणि मारुती जिप्सीचंही हेच. ६७.२ आलं तर ११४.३, म्हणजे साडेचार इंच. इथे एक फसवणूक आहे. फियाटच्या उनो, पालिओ ह्या गाड्यांचं माप ९८ आणि मारुती स्विफ्टचं १००. दोन्हींना चार भोकं, आणि एकाचं चाक दुसऱ्याला हाताने ढकललं तर बसल्यासारखं वाटतं. ते बसलेलं नसतं, नट तिरके ओढून घेतात आणि आठ दिवसांत सैल होतात. एक मिलिमीटरचा फरक असला तरी चाक परत करा. मधे फाईल मारून भोक लांबट करणाऱ्या माणसाकडे गाडी देऊ नका, तो गाडीचा वैरी समजा.

दुसरं, मधलं मोठं भोक. पुष्कळ गाड्यांत हबवर मध्यभागी एक उंच कडं असतं आणि चाकाचं भोक त्यावर नेमकं बसतं, त्यानेच चाक मध्यावर राहतं. भोक लहान असेल तर चाक बसणारच नाही. मोठं असेल तर मधली फट भरणारं कडं घालावं लागतं, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. जुन्या जीपसारख्या काही गाड्यांत चाक निमुळत्या नटांनीच मध्यावर येतं. म्हणून तिसरी गोष्ट नटाची. चाकाच्या भोकाची बैठक निमुळती असेल तर निमुळता नट, गोलाकार असेल तर गोल बैठकीचा, सपाट असेल तर सपाट. निमुळता नट गोल बैठकीत आवळला तर तो एका रेषेवर टेकतो. आज घट्ट वाटेल, उद्या नाही.

आता त्या आतबाहेरपणाकडे वळू, कारण चकतीची गरज तिथेच पडते. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाकाची हबला टेकणारी पाठ, ह्यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या आत इटी ही अक्षरं आणि पुढे आकडा कोरलेला असतो. समजा तुमच्या मूळ चाकावर इटी २५ आहे आणि आणलेल्यावर इटी ३५. म्हणजे नवं चाक दहा मिलिमीटर आत जाणार. रिम मूळच्याइतकीच रुंद असेल तर दहा मिलिमीटरची चकती घातली की ते पूर्वीच्या जागी आलं. इथपर्यंत चकती उपकार करते. पण केवळ गाडी रुंद, दांडगी दिसावी म्हणून चाक मूळ जागेच्याही बाहेर काढलं तर तो भार बेअरिंगवर पडतो. हिशोब करून पाहा: एका चाकावर ४०० किलो ओझं आणि चाक २५ मिलिमीटर बाहेर, तर दहा किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर वाढला, तोही खड्ड्यातला धक्का न धरता. पुढच्या चाकाला असं केलं तर प्रत्येक दगडाला स्टिअरिंग हाताला हिसका देतं. नांगरलेल्या रानातून जीप नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

चकत्या दोन तऱ्हेच्या. एक पातळ, मूळ स्टडांवर नुसती सरकवायची. दुसरी जाड, साधारण वीस मिलिमीटर आणि वर, तिला स्वतःचे स्टड असतात. ती आधी हबला नटांनी आवळायची आणि मग चाक तिच्यावर बसवायचं.

पातळ चकतीत आट्यांचा हिशोब सर्वात महत्त्वाचा. स्टड जेवढा जाड, निदान तेवढी लांबी नटाने आट्यांत धरली पाहिजे. बारा मिलिमीटरच्या स्टडला दीड मिलिमीटरचे आटे असतील तर नट हाताने आठ फेरे तरी फिरला पाहिजे. सव्वा मिलिमीटरचे बारीक आटे असतील तर दहा. अर्धा इंची स्टडला इंचाला वीस आटे असतात, तिथेही दहा. ही मोजणी करायला यंत्र नको. नट टेकेपर्यंत बोटांनी फिरवा आणि फेरे मोजा. समजा चकतीविना दीड मिलिमीटरच्या आट्यांवर अकरा फेरे होतात. पाच मिलिमीटरची चकती घातली तर सव्वातीन फेरे गेले, उरले पावणेआठ. म्हणजे आठाला कमी. "पावच फेरा कमी आहे, चालेल की", असं म्हणायचं नाही. लांब स्टड ठोकून घ्या किंवा चकती पातळ करा. आणि हबचं उंच कडं चकतीत बुडून गेलं तर चाकाला मध्य राहत नाही, तेव्हा चकतीला स्वतःचं तसंच कडं हवं.

जाड चकतीत दुसरी गोम आहे. गाडीचे मूळ स्टड चकतीच्या तोंडाबाहेर डोकावता कामा नयेत. डोकावले आणि चाकाच्या पाठीला त्यांच्यासाठी खोबण नसेल, तर चाक चकतीवर न टेकता स्टडांच्या टोकांवर टेकतं. वरून काही दिसत नाही. चकती घ्यायची ती घडीव ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची, लेथवर नीट कातलेली. ओतीव चकती घेऊ नका, ती न वाकता एकदम तडकते. एकावर एक दोन चकत्या नकोत. एका धुऱ्याच्या दोन्ही चाकांना सारख्याच जाडीच्या घाला.

बसवताना हब, चकती आणि चाक यांची तोंडं तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. गंज, चिखल, रंगाचा जाड थर, ह्यांतलं काही मधे राहिलं तर ते पुढे झिजतं आणि पकड सैल होते. गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका. ग्रीसवर नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळा. किती आवळायचा? आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. समजा तो दहा किलोग्रॅम-मीटर आहे, तर अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला वीस किलोचा दाब. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे मी पाहिले आहेत. त्याने स्टड ताणला जातो, तो पुढे केव्हातरी दगा देतो. शहरात टॉर्क पाना भाड्याने किंवा उसना मिळतो, त्याने एकदा आवळून घ्या.

आणि जुन्या विलीज जीपचं एक वेगळंच. तिच्या डाव्या बाजूच्या स्टडांना उलटे आटे असतात. सुलट्या सवयीने जोर लावाल तर सोडवायचा नट आणखी आवळला जाईल. नव्या माणसाला गाडी देताना एवढं सांगून ठेवा.

चाक बसलं की लगेच ओझं भरू नका. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. एक चाक बांधावर चढवून ते चाक पाट्याला, मडगार्डला, ब्रेकच्या नळीला लागत नाही ना ते पाहा. आत बोट फिरावं इतकी जागा हवी. मग रिकामी गाडी पन्नास किलोमीटर चालवा आणि सगळे नट पुन्हा आवळा. जाड चकती असेल तर आतले नट चाकामागे झाकलेले असतात. चाक उतरवल्याशिवाय ते तपासता येत नाहीत. हा कंटाळा माणसं करतात. तोच नडतो.

टायरचं ओझंही बघा. टायरवर मापाच्या पुढे एक संख्या असते. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, एका टायरला. भरलेल्या गाडीच्या मागच्या धुऱ्यावर १,२०० किलो पडत असेल तर एका चाकावर ६०० आले. तिथे ८८ चा टायर कमी पडतो, मग चकती कितीही चांगली असो. रिमचीही ताकद मोटारीच्या बेताची असते. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मोटारीची चाके चकत्या घालून बसवायचा विचार डोक्यातून काढून टाका.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. चाकं बदलण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत आणि विमावाल्याकडे विचारून घ्या. अपघात झाल्यावर विचारलं तर उत्तर आवडणार नाही.

काही जण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांतलं अंतर वाढवायला चकती मागतात. तिथे तिची गरजच नाही. ओळीतल्या कोळपणीसाठी चाकांतलं अंतर कमीजास्त करायची सोय बहुतेक ट्रॅक्टरांत कारखान्यानेच दिलेली असते: रिम आणि मधली तबकडी यांची जोडणी बदलायची, किंवा तबकडी उलटी करायची. तबकडी उलटी केली की डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घ्यायला विसरू नका, नाहीतर टायरच्या दात्यांची दिशा उलटते आणि ओल्या रानात चाक नुसतं फिरत राहतं.

तात्यांनी ती रुंद चाके विकून टाकली आणि जीपच्याच मापाची जुनी पण सरळ रिमं आणली. चकती लागलीच नाही. बसवायच्या दिवशी मी गेलो होतो. नातू पाना धरून फेरे मोजत होता, अकरापर्यंत.