मानेतील धमनी आणि हृदयरोगी
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. तथापि आपल्या आप्तेष्टांत हृदयरोगी पुष्कळ आहेत, म्हणून वाचनातून जे उमजले ते विनम्रपणे मांडतो.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पुरविणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात. हृदयाच्या धमन्यांत साचणारा चरबीचा थर येथेही साचतो. कारणेही तीच: तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल. त्यातून सुटलेली गुठळी मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. कित्येकदा आधी इशारा मिळतो. हात लुळा पडतो, जीभ अडखळते, एका डोळ्यापुढे अंधारी येते आणि काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. ‘आता बरे आहे’ म्हणून आपण पुन्हा गादीवर जाऊन बसतो. परंतु त्यानंतरचे थोडे दिवसच सर्वाधिक धोक्याचे असतात.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात, असा इशारा मिळालेल्या व धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांपैकी, दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात केवळ औषधोपचारावर २६ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना झाला.

हृदयरोग्याचा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण शस्त्रक्रियेचा ताण हृदयावरही पडतो. धमनीत स्टेंट बसविणे हा दुसरा मार्ग. २०१० च्या ‘क्रेस्ट’ अभ्यासात उपचाराच्या सुमारास स्टेंटने पक्षाघात, तर शस्त्रक्रियेने हृदयविकाराचा झटका अधिक आढळला. म्हणजे दोन्हीकडे जमा आहे, तसाच खर्चही आहे. वय, हृदयाची शक्ती आणि लक्षणे पाहून हा ताळेबंद हृदयरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र बसून मांडावा. बायपास आधी की मानेचा उपचार आधी, हेही त्यांनीच ठरवावे. लक्षणे नसतील, तर प्रत्येक अरुंद धमनीला शस्त्र लावावे लागत नाही; मात्र औषधे सर्वांनाच आवश्यक असतात.

माझी विनंती एवढीच: क्षणिक लक्षणही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. बायपास ठरल्यास मानेच्या डॉपलर सोनोग्राफीची गरज आहे का, हे विचारावे; या तपासणीत वेदना नसते. उपवासाच्या काळात गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.