सीमेवरचे मनोरे आणि कंपनीचा ताळेबंद



संरक्षणखरेदीचा विषय निघाला की 'गुप्तता' हा शब्द लगेच पुढे येतो. परंतु या व्यवहारातील बरेच काही उघड छापलेले असते. वाचणारे थोडे, एवढेच. इस्रायलमधील हैफाच्या एल्बिट सिस्टिम्स या कंपनीचे भाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदलेले आहेत. त्यामुळे परकीय कंपन्यांसाठी असलेल्या '२०-एफ' या नमुन्यात तिला तेथील रोखे आयोगाकडे वार्षिक अहवाल द्यावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो.

याच कंपनीचे अमेरिकेच्या सीमेवरील काम पाहावे. मेक्सिकोच्या सीमेवर कॅमेरे व रडार यांची साखळी उभारण्याचे काम अमेरिकी सरकारने २००६ साली बोइंगला दिले. ॲरिझोनातील अवघ्या ५३ मैलांवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्ची पडले. अमेरिकी काँग्रेसचे लेखापरीक्षण कार्यालय वारंवार दोष दाखवीत राहिले, आणि जानेवारी २०११ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. योजना गेली, पण मागणी गेली नाही. २०१४ मध्ये त्याच ॲरिझोनात टेहळणीच्या स्थिर मनोऱ्यांचे १४.५ कोटी डॉलरांचे कंत्राट एल्बिटच्या अमेरिकी उपकंपनीला मिळाले. पुढे २०१९ मध्ये टोहोनो ओओधाम या आदिवासी राष्ट्राच्या भूमीवरही मनोरे उभारण्यास त्यांच्या विधिमंडळाने संमती दिली, तीही आपल्याच काही लोकांचा विरोध असताना. एकोणिसाव्या शतकात आखलेल्या सीमारेषेने ज्यांची भूमी दुभंगली, त्यांच्याच अंगणात हे मनोरे आले.

आता अहवाल उघडावा. त्यात प्रदेशवार विक्री आहे, आणि हाती असलेल्या पण पुऱ्या न झालेल्या मागण्यांची बेरीज आहे. भागधारकाची नजर प्रथम या बेरजेवर जाते, कारण सरकारांनी पुढील काही वर्षे खर्च करण्याची दिलेली ती हमी असते. मनोऱ्यांचा स्वतंत्र नफातोटा मात्र तेथे शोधून सापडत नाही. 'उत्तर अमेरिका' या रकान्यात वैमानिकांच्या शिरस्त्राणांबरोबर तोही मिसळून जातो. 'जोखमी' या प्रकरणात सरकारांनी संरक्षणखर्च कमी करण्याची शक्यता नोंदलेली असते. लोकांनी मतपेटीतून खर्चाला आळा घातला, तर तो गुंतवणूकदाराच्या हिशेबी धोका ठरतो! लेखकाने येथे काही लपविलेले नाही. अहवाल ज्याच्यासाठी लिहिला, त्याला हवे ते त्यात आहे. कर भरणाऱ्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१८ मध्ये याच कंपनीने अदानी समूहाच्या भागीदारीत हैदराबादला मानवरहित विमानांचा कारखाना सुरू केला. तेव्हा संसदेत केवळ 'दलाली किती?' एवढेच विचारून भागणार नाही. त्या खरेदीची मूळ किंमत, पुढील देखभालीचा खर्च आणि विक्रेत्याचा त्या एकाच कामातील नफा स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्याची अट कंत्राटावर सही होण्यापूर्वीच घातली गेली पाहिजे. कार्यकर्त्यांनी हे अहवाल वाचावेत. वाचन रुक्ष आहे, हे मान्य. पण दलालांना ते कधीच कंटाळवाणे वाटत नाही.