मदत कोणाची, निर्णय कोणाचा?

(लातूर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



ज्या शहराला 2016 साली पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, त्या शहरात समुद्रातील बेटांची चिंता वाहणे हे अनेकांना चैनीचे वाटेल. तरीही आज मी मॉरिशसविषयी बोलणार आहे, आणि ते केवळ तेथे मराठी माणसे राहतात म्हणून नव्हे.

लोकसंख्येने हा देश आपल्या लातूर जिल्ह्याच्या सुमारे निम्मा, आणि भूमीने जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. गुलामगिरी कायद्याने संपली. मळे मात्र तेच राहिले. त्या मळ्यांसाठी 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली माणसे पुष्कळ होती. त्यांच्या वंशजांनी भाषा टिकवली, आणि गणेश चतुर्थीला तेथे आज सार्वजनिक सुटी असते. 1968 मध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या हाती मुख्यतः एकच पीक होते, ऊस. उसाचे राजकारण काय असते हे लातूरकरांना मी सांगायला नको.

लहान राष्ट्रांशी मोठ्यांनी केलेल्या भागीदारीचे एक बरे उदाहरण याच उसाने दिले. 1975 च्या लोमे कराराला जोडलेल्या साखरविषयक कराराने युरोपीय समुदायाने मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी हमी भावाने घेण्याचे मान्य केले. हा भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजाराहून पुष्कळ चढा असे. हे दान नव्हते, श्रमाचे मोल होते. कापड गिरण्या व पर्यटन उभे करायला त्या पैशाचा आधार झाला. पण भाव ठरवण्याचा अधिकार युरोपकडेच राहिला होता. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने निकाल दिला, तो निमित्त झाला. 2006 नंतर भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरला आणि 2009 मध्ये तो करारच संपुष्टात आला.

1994 मध्ये बार्बाडोस येथे संयुक्त राष्ट्रांनी लहान बेटांच्या विकासाची परिषद भरवली, तेव्हापासून ठरावांची कमतरता पडलेली नाही. पैशाची वाटणी मात्र दरडोई उत्पन्नाच्या फूटपट्टीनेच होत राहिली. जुलै 2020 मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला ‘उच्च उत्पन्न’ गटात बसवले. त्याच महिन्याच्या 25 तारखेला ‘वाकाशिओ’ नावाचे जपानी मालकीचे, पनामाचा झेंडा लावलेले जहाज तेथील प्रवाळावर चढले आणि पुढे हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात सांडले. सरकारची वाट न पाहता लोक किनाऱ्यावर उतरले. त्यांनी कापडी पिशव्यांत उसाचे पाचट भरून तरंगते बांध तयार केले! भारतानेही तीस टन सामग्री आणि तटरक्षक दलाचे पथक पाठवले, ते योग्यच झाले. पुढच्याच वर्षी तो देश पुन्हा खालच्या गटात आला. उत्पन्नाबरोबर असुरक्षितताही मोजावी, या बेटांच्या मागणीप्रमाणे तयार झालेला निर्देशांक आमसभेने स्वीकारायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. कर्ज देणाऱ्यांवर तो आजही बंधनकारक नाही.

मदत घेणाऱ्याचे मन कसे असते, हे आपण पुस्तकातून शिकलेलो नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीखाली गेली. जगभरातून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारख्या रांगा; कागदावर सुंदर. पण गोठा कोठे, कडबा कोठे रचायचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार कोठे गेला, हे नकाशा काढणाऱ्याला कोणी विचारायला लावले नाही. उलट ज्या शेकडो गावांत घरे जागेवरच दुरुस्त झाली, तेथे पैसा घरमालकाच्या हाती गेला, बायकांचे बचतगट देखरेखीला उभे राहिले आणि काम लोकांचे झाले. देणारे तेच होते; फरक पडला तो निर्णय कोणी घेतला याचा.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. आज आपला देश देणाऱ्यांच्या रांगेत उभा आहे. 2016 मध्ये भारताने मॉरिशसला 35 कोटी 30 लाख डॉलरचे विशेष साहाय्य दिले. त्यातून मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, रुग्णालय, घरे झाली. याविषयी तक्रार नाही. पण मुख्य बेटाच्या उत्तरेस हजारभर किलोमीटरवर आगालेगा नावाची दोन बेटे आहेत. वस्ती सुमारे तीनशे. 2015 च्या करारान्वये भारताने तेथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. 29 फेब्रुवारी 2024 रोजी त्यांचे उद्घाटन झाले. रोग्याला हलवण्यासाठी विमान उतरेल, ही तेथील लोकांची खरीच सोय आहे. हा लष्करी तळ नाही, असे दोन्ही सरकारे सांगतात. तथापि तीनशे माणसांसाठी तीन किलोमीटर, हा हिशेब साध्या शेतकऱ्यालाही खटकेल. मॉरिशसमधील विरोधकांनी कराराचा मजकूर उघड करण्याची मागणी केली होती, ती काही भारतद्वेषातून नव्हे.

तिच्यामागे चागोसची आठवण आहे. 1965 मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि 1968 ते 1973 या काळात दिएगो गार्सियावरील अमेरिकन तळासाठी तेथील दीड-दोन हजार रहिवाशांना हुसकून लावले. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे बेकायदा ठरवणारे मत दिले. 2025 च्या मे महिन्यात ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली, तळ मात्र 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून. त्या वाटाघाटींत आम्हाला कोणी विचारले नाही, असे चागोसमधून हाकलले गेलेलेच म्हणत आहेत.

आपण साम्राज्यशाहीविरुद्ध ठराव करतो, तेव्हा बोट नेहमी पश्चिमेकडे असते. या वेळी ते दिल्लीकडेही वळले पाहिजे. आपल्या विचाराच्या खासदारांना माझी विनंती आहे की त्यांनी संसदेत एवढेच विचारावे: धावपट्टी आखण्यापूर्वी आगालेगाच्या रहिवाशांची सभा झाली होती काय, आणि झाली असल्यास तिचे इतिवृत्त कोठे आहे?