केस गळतात, पण का?

(कोजागिरीच्या रात्री गच्चीवर महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे. बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



दूध आटायला अजून अर्धा तास आहे आणि तेवढा वेळ मी भरून काढायचा, असं मंडळाने ठरवलंय. विषय मी निवडलेला नाही, तो तुम्हीच पंचवीस वर्षं निवडत आलात. मी त्वचारोगाची डॉक्टर. दवाखान्यात जेवढी डोकी तपासली नसतील, तेवढी आपल्या लिफ्टमध्ये तपासली. तळमजला ते सातवा मजला. तेवढ्यात कुणीतरी भांग पुढे करतं, "वहिनी, जरा बघा ना, केवढे गळतायत!"

सुरुवात पाण्यापासूनच करते, कारण तो आपला लाडका आरोपी आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये टँकरच्या पाण्याने बायकांचे केस गळतात, अशी लेखी तक्रार आली होती, आठवतं? सेक्रेटरी बिचारे पाण्याचा रिपोर्ट घेऊन उभे होते. मी तेव्हा तक्रार करणाऱ्या सहा-सात जणींना सांगितलं, की उद्या सकाळी विंचरताना आलेले केस कागदाच्या पुडीत घेऊन या. आणल्या सगळ्यांनी. केसाच्या टोकाला बारीक पांढरा दाणा असेल, तर केस मुळापासून सुटून आलेला असतो. दाणा नसेल, तर मधेच तुटलेला. जड पाण्याने केस राठ होतो, गुंता होतो, तो तुटू शकतो. पण मूळ सोडायला लावण्याइतकी ताकद त्या पाण्यात नसते. त्या पुड्यांतल्या जवळजवळ प्रत्येक केसाला पांढरा दाणा होता.

मग मी विचारलं, ऑगस्टमध्ये काय झालं होतं? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची साथ होती. बी विंगच्या गच्चीवरच्या पिंपात अळ्या सापडल्या होत्या. तक्रार करणाऱ्यांपैकी चौघी तापाने झोपल्या होत्या. एकीचं ऑपरेशन झालं होतं, एकीचं बाळंतपण.

हे समजायला केसांचा हिशेब समजून घ्यायला हवा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग त्याची वाढ थांबते, दोन-तीन महिने तो नुसता बसून राहतो आणि नंतर गळतो. त्याच मुळातून नवा येतो. कुठल्याही दिवशी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीला लागलेले आणि बाकीचे रिटायरमेंटच्या वाटेवर, म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हा साधा हिशेब आहे. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे जोराचा ताप, टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, किंवा लग्नाआधी एका महिन्यात आठ किलो उतरवणारं डाएट, की शरीर खर्च कमी करतं. वाढीला लागलेले बरेच केस एकदम बसवले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोपर्यंत आपण ताप विसरलेलो असतो, म्हणून दोष समोर दिसेल त्याला जातो, नव्या शांपूला नाहीतर टँकरला. बाळंतिणीचं तेच. बाळ हसायला-ओळखायला लागतं त्याच सुमारास आईच्या उशीवर केस दिसतात.

हे केस परत येतात. बहुतेक वेळा काही महिन्यांत गळणं थांबतं, लांबी भरायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागतं. त्या मीटिंगमधल्या सगळ्याजणी इथेच बसल्यात, बघून घ्या.

२०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. थोड्या दिवसांत माणसांना टक्कल पडत होतं, 'टक्कल व्हायरस' म्हणून अफवा उठली, आणि तिथेही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ज्यांना ओळखतो, त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गंमत अशी, की केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम असतं. थोडं लागतंच शरीराला. जास्त झालं, की तेच केस घालवतं. तेव्हा मैत्रिणीची डबी बघून आपणही सुरू करू नका.

आता ताप नाही, बाळंतपण नाही, तरी सहा महिने झाले गळतातच, असं असेल तर? रक्त तपासा. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पांडुरोग, म्हणजे अॅनिमिया निघाला. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. आपल्याला वाटतं हे खेड्यातलं दुखणं. पण पाळीत महिन्याला आठ-आठ दिवस जातंय, सकाळी पोळीबरोबर चहा, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाजी, हे टू बीएचकेमध्येही चालतं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठा रिकामा असू शकतो. म्हणून फेरिटिन तपासायचं, बरोबर थायरॉइड, गरज वाटली तर बी-१२ आणि डी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मुलींना पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि डोक्यावरचे विरळ असं एकत्र दिसलं, तर पीसीओडीची तपासणी करून घ्या. नुसतं तेल बदलून भागणार नाही.

काही जणींचा केस गळताना दिसतच नाही, भांग मात्र रुंद होत जातो. कपाळाची रेघ जागेवर, मधला भाग विरळ. ही बहुतेक घराण्यातून आलेली गोष्ट. केस जात नाही, प्रत्येक फेरीला बारीक होत जातो. याला मिनॉक्सिडिल नावाचं औषध आहे. ते मुळात रक्तदाबाचं होतं. रुग्णांच्या अंगावर केस यायला लागले म्हणून डॉक्टरांचं लक्ष गेलं, आणि १९९१मध्ये अमेरिकेत बायकांसाठी डोक्याला लावायचं औषध म्हणून ते मान्य झालं. हे लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात. इथेच दहातल्या सहाजणी बाटली फेकतात! जुना केस नव्याला जागा देतोय, एवढंच ते असतं. चार ते सहा महिने धीर धरायचा. बंद केलं, की मिळालेलं जातं, हेही आधीच सांगते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावायचं नाही. आणि ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी हात आणि उशी जपा, मांजरांना ते विषारी असतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर इथे कुणाला सांगितलेली नाही.

माझी आई शेवटची सहा वर्षं आमच्याकडे होती, तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. डोक्यावरून पदर घ्यायची. तिच्या पिढीची सवय, असं मी धरून चालले. कधीमधी म्हणायची, "डोक्यात आग होते गं." मी म्हणायचे, "कोंडा असेल," आणि शांपूची बाटली आणून द्यायचे. एका संक्रांतीला तिला न्हाऊ घालताना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. माथ्यावर रुपयाएवढाले दोन-तीन तुकडे गुळगुळीत, चकचकीत, रंध्रं बुजलेली. लायकेन प्लॅनस. यात शरीराच्याच पेशी केसांच्या मुळाभोवती जमून त्याचा नाश करतात आणि तिथे व्रण राहतो. लवकर औषध दिलं, तर पसरणं थांबवता येतं. गेलेली मुळं परत येत नाहीत. ती दोन वर्षं पदराखाली लपवत होती, कारण मुलगी दिवसभर लोकांची डोकी बघून दमून येते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्याच घरात होता. औषधाने आग थांबली. केस आले नाहीत.

म्हणून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. आग, दुखणं, खाज, आणि केस गेलेल्या जागी चकचकीत कातडी असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जायचं, महिनाभर तेल लावून बघायचं नाही.

चाई वेगळी. तीही रंध्रं न बुजवता गोल चकत्याच पाडते, पण बहुतेकदा इंजेक्शनांनी केस परत येतात. ती किड्याने होत नाही, आणि एकीची दुसरीला लागत नाही. तेव्हा चाई झालेल्या मुलीचा कंगवा वेगळा काढणाऱ्यांनी तो परत एका जागी ठेवावा.

मागून चिठ्ठ्या आल्यात. तेलाने केस वाढतात का? नाही. खोबरेल केसात मुरतं, धुताना होणारी झीज कमी करतं, तुटणं कमी होतं. मालिशने बरं वाटतं, जरूर करा. पण मुळाला ते काही शिकवत नाही. बायोटिन? कमतरता क्वचितच असते. आणि बायोटिन चालू असताना थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी काही दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा. पीआरपी आणि केसरोपण? निदान कागदावर लिहून मिळाल्याशिवाय पॅकेजचे पैसे भरू नका. घट्ट पोनीटेल? क्लासिकल नाच शिकणाऱ्या मुलींच्या आयांनी कपाळावरची रेघ बघत राहावी. ती मागे सरकायला लागली असेल, तर अंबाडा सैल करा, रोजचं गंगावन बंद करा.

शेवटची चिठ्ठी ए विंगच्या आजींची आहे. विचारतात, "अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझं डोकं बघून काय करणार?" आजी, खरं सांगू, काय निघेल ते बघितल्याशिवाय मलाही कळणार नाही. दूध प्यायलं, की इथेच ट्यूबलाइटखाली खुर्ची घेऊन बसा. पदर मात्र काढावा लागेल.