उभ्या गाडीची बॅटरी

जत्रा संपल्या, पाऊस लागला की बचत गटांच्या खाऊगाड्या शेडमध्ये जातात. धंदा बंद, हप्ता मात्र चालू. दिवाळीच्या तोंडावर सेल्फ मारावा आणि गाडीनं हूं की चूं करू नये, म्हणजे नव्या बॅटरीचे काही हजार गेलेच.

"पण आमची गाडी प्लगला लावलेली असते की!" असं बऱ्याच जणी म्हणतात. गफलत इथंच आहे. इन्व्हर्टर असलेल्या गाडीत बॅटऱ्या दोन. दिव्या-मिक्सरची प्लगवर भरते. इंजिनाची बहुतेक गाड्यांत प्लगला जोडलेलीच नसते, ती इंजिन चाललं तरच भरते. उभ्या गाडीत ती हळूहळू उतरते. उतरलेली तशीच पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. मग कितीही चार्ज करा, टिकत नाही.

म्हणून मासिक बैठकीच्या दिवशी दोन्ही बॅटऱ्यांना मीटर लावा. चार्जर काढून रात्र गेल्यावर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. १२ म्हणजे जवळजवळ रिकामीच! आकडा वहीत लिहा, हप्त्याच्या शेजारीच.

चार्जर भरल्यावर आपोआप कमी होणारा घ्या. साधा चार्जर आठवडाभर चालू राहिला तर पाणी आटतं. वरून घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. विहिरीचं कितीही गोड असलं तरी नको. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा शेडचं दार उघडं ठेवा, शेगडी, उदबत्ती लांब.

इंजिनाच्या बॅटरीची वायर सोडून ठेवली तर ती सावकाश उतरते. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.